पहिले शस्त्र निवडताना: .३२ रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

कांदाव्यापारी_इंदिरानगर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिक शहरात इंदिरानगर भागात राहतो आणि आमचा कांदा खरेदीचा व्यवसाय लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथे आहे. हंगामात चांदोरी, निफाड, विंचूर या रस्त्याने पहाटे जाणे आणि अंधार पडल्यावर परतणे हे नेहमीचेच असते. बरेचसे पैसे आता बँकेतून वळते होत असले, तरी हमाली, गाडीभाडे आणि काही शेतकऱ्यांची उचल यांसाठी रोकड जवळ बाळगावी लागते. आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याला गेल्या हंगामात रस्त्यात गाडी आडवी घालून लुटण्यात आले. त्यानंतर घरात सर्वांशी बोलून मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण हे टप्पे पार पडले असून आत्मसंरक्षणासाठीचा परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मंजूर झाला आहे.

आता प्रत्यक्ष शस्त्र निवडायचे आहे आणि तेथेच गाडी अडली आहे. दुकानदार एक सांगतो, नातेवाईक दुसरे सांगतात. निर्भीक, प्रबल, अशनी अशी नावे कानावर येतात. एका ओळखीच्या गृहस्थांकडे वडिलोपार्जित विलायती रिव्हॉल्व्हर असून ते मला रीतसर हस्तांतरित करण्यास तयार आहेत. मला शस्त्र कोणाला दाखवायचे नाही. ते कपड्यांखाली अंगावर राहावे आणि जवळ बसलेल्यालाही कळू नये एवढीच अपेक्षा आहे. मात्र आमच्याकडे उन्हाळ्यात पातळ सुती शर्ट आणि पँट हाच वेश असतो, गाडी चालवायला चालक असतो, आणि घरी दोन लहान मुले आहेत. मुलांच्या हाती शस्त्र कोणत्याही परिस्थितीत लागणार नाही ही खात्री पटल्याशिवाय ते घरात येणार नाही, अशी पत्नीची स्पष्ट अट आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. ज्यांनी प्रत्यक्ष शस्त्र बाळगले आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

देवळाली_निवृत्त_सुभेदार

दादा, तुम्ही परवाना हाती आल्यावर घाईने दुकान गाठले नाही, ही चांगली गोष्ट केलीत. मी सैन्यात अनेक वर्षे शस्त्र प्रशिक्षणाचे काम केले आणि निवृत्तीनंतर अनेक परवानाधारकांना पहिले शस्त्र घेताना सोबत केली आहे. त्यावरून सांगतो की बहुतेक जण मॉडेलपासून सुरुवात करतात आणि होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर ठेवायचे म्यान, शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. क्रम उलटा हवा. तुम्ही रोज कोणते कपडे घालता, गाडीत किती तास बसता, शस्त्र कमरेला नेमके कोठे राहील, त्या जागी कोणते होल्स्टर बसेल आणि त्या होल्स्टरमध्ये कोणते शस्त्र मावेल, या क्रमाने विचार केला तर अर्धे पर्याय आपोआप गळून पडतात.

प्रथम काडतुसाविषयी बोलतो, कारण येथे फार गोंधळ होतो. आपल्याकडे ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतील व्यासाचे माप) असल्याने सामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही आणि व्यवहारात निवड .३२ वर येऊन ठेपते. परंतु रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे लांब, बुडाशी कड असलेले काडतूस चालते, पिस्तुलात .३२ एसीपी, म्हणजे ज्याला ७.६५ मिमी असेही म्हणतात, ते आखूड काडतूस चालते. एकाच्या जागी दुसरे वापरायचे नाही. काडतुसांचे खोके विकत घेताना केवळ ‘बत्तीसचे द्या’ असे म्हणू नका. खोक्यावरचे पूर्ण नाव आणि नळीवर कोरलेले नाव जुळवून पाहा. आपल्याकडच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे दिसली, तर ती पुण्याच्या खडकी कारखान्याची खूण आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्या परिस्थितीत पहिले शस्त्र म्हणून मी रिव्हॉल्व्हरच सुचवीन, आणि त्याचे कारण रिव्हॉल्व्हर अधिक भेदक आहे असे मुळीच नाही. कारण असे की रिव्हॉल्व्हर भरलेले आहे की रिकामे, हे नवख्या माणसालाही उघडून एका नजरेत दिसते. सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरायचा फिरता भाग, उघडला की त्याची सहाही घरे समोर असतात. त्यांतून पलीकडचा उजेड दिसला म्हणजे शस्त्र रिकामे. पिस्तुलाचे तसे नसते. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढून टेबलावर ठेवले तरी एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते, आणि ‘मॅगझिन तर काढले होते’ हे वाक्य मी अपघातानंतर एकाहून अधिक लोकांच्या तोंडून ऐकले आहे. पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून धरायची, मग घरात डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाईड ओढली आणि नंतर मॅगझिन काढले, तर तुम्ही स्वतःच्या हाताने एक नवी गोळी घरात भरून ठेवलेली असते. दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री उशिरा, डोळ्यांवर झोप असताना हा क्रम दररोज बिनचूक पाळता येईल का, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला प्रामाणिकपणे द्यावे.

दुसरे कारण सरावाचे आहे. परवान्यावर काडतुसांचा कोटा लिहिलेला असतो आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवावा लागतो, त्यामुळे परदेशातल्या लोकांप्रमाणे शेकडो गोळ्या झाडून हात बसवणे आपल्याला शक्य नसते. आपला बहुतांश सराव कोराच असतो, म्हणजे खऱ्या काडतुसाऐवजी नकली काडतूस घालून, सुरक्षित भिंतीकडे तोंड करून, नेम न हलवता चाप ओढण्याचा. सराव करण्यापूर्वी खरी काडतुसे त्या खोलीतून बाहेर नेऊन ठेवायची, हा नियम कधीही मोडू नका. रिव्हॉल्व्हरवर असा सराव हुबेहूब होतो, कारण प्रत्यक्ष प्रसंगीही तेवढेच करायचे असते. एखादे काडतूस फुटले नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात काडतूस अडकले तर ते सोडवण्यासाठी दोन्ही हात आणि शांत डोके लागते, आणि ते अंगवळणी पडायला गोळ्या लागतात. ज्यांना हात स्थिर करायचा आहे त्यांनी १० मीटरच्या एअर पिस्तुलावर रेंजमध्ये नियमित सराव करावा. चाप हळुवार दाबण्याची सवय तेथे लागते आणि छर्ऱ्यांचा खर्चही नगण्य असतो.

मॉडेलांविषयी. निर्भीक हे .३२ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातून आले. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम असून बाजारात आले तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या जवळ होती. हलके असल्याने पातळ कपड्यांत कंबरपट्टा खाली ओढला जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक जाणवतो, हेही लक्षात ठेवा. प्रबल हेही .३२ रिव्हॉल्व्हरच, ते २०२३ मध्ये आले. त्याचे वजन ७०० ग्रॅमच्या आसपास आहे, नळी ७६ मिमी आहे आणि सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे भरणे व रिकामे करणे सुटसुटीत होते. त्याच्या जाहिरातीत ५० मीटर पल्ल्याचा उल्लेख असतो. त्या आकड्यावर तुम्ही निवड करू नका. रस्त्यात अडवणारा माणूस तुमच्यापासून दोन-तीन हातांवर असतो, आणि ५० मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर गोळी झाडून ते आत्मसंरक्षण होते असे कोणत्याही न्यायालयाला पटवणे अवघड आहे. अशनी हे पिस्तूल चपटे असल्यामुळे शर्टाखाली सर्वांत कमी उठून दिसते, हे मान्यच करायला हवे. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर कमरेवर फुगवटा आणतोच. निडर हे .२२ चे २५० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर खिशात सहज मावते, पण खिशात सुटे शस्त्र ठेवण्याच्या मी ठाम विरोधात आहे, मग ते कितीही लहान असो.

वडिलोपार्जित विलायती शस्त्राविषयी विशेष सावध करतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला विदेशी शस्त्रे आयात करता येत नाहीत, म्हणून अशा जुन्या शस्त्रांचे भाव गगनाला भिडले आहेत आणि लोक नावावर भाळून ती घेतात. परंतु अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा (चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर आघात करणारा भाग) आणि काडतूस यांच्यामध्ये आडवा येणारा सुरक्षेचा तुकडा नसतो, किंवा असला तरी झिजलेला असतो. असे शस्त्र हातातून निसटून घोड्यावर पडले तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. म्हणून माझा सल्ला असा की जुने शस्त्र घ्यायचेच असेल तर आधी जाणत्या शस्त्र कारागिराकडून तपासून घ्या, आणि सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवा. चाप ओढताच सिलिंडर फिरून पुढचे भरलेले घर समोर येते, त्यामुळे प्रसंगी काहीही अडत नाही. नव्या शस्त्राच्या बाबतीतही मी हीच सवय लावतो.

होल्स्टर घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. चापाचे कडे पूर्ण झाकले गेले पाहिजे, म्हणजे शर्टाचे टोक किंवा दोरी आत जाऊन चापात अडकणार नाही. शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड मिटता कामा नये, नाहीतर परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडावे लागते आणि नळी स्वतःच्याच हातावर रोखली जाते. तिसरे, रिकाम्या शस्त्रासह होल्स्टर उलटे धरून हलवा; शस्त्र जागचे हलता कामा नये. पट्टा मात्र जाड आणि ताठ घ्या. नेहमीच्या मऊ पट्ट्यावर शस्त्र लोंबकळते, माणूस नकळत वारंवार हाताने ते सावरतो, आणि त्या सावरण्यावरूनच पाहणाऱ्याला ते कळते. शस्त्र उजव्या कुशीच्या किंचित मागे असेल तर गाडीत बसल्यावर सीटबेल्टच्या कुलपाशी झटापट होते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी रिकामे होल्स्टर लावून तुमच्या रोजच्या गाडीत तासभर बसून पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला, चामडे ओल धरून ठेवते. शस्त्र रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये तसेच ठेवले तर काही दिवसांतच गंजाचे ठिपके दिसू लागतात. घरी आल्यावर शस्त्र बाहेर काढून, रिकामे करून, कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा पातळ हात देऊनच तिजोरीत ठेवावे.

गोदाकाठचा_वकील

सुभेदार साहेबांनी शस्त्राची बाजू उत्तम मांडली आहे, मी कायद्याची बाजू मांडतो. माझ्याकडे येणाऱ्या परवानाधारकांच्या अडचणी बहुधा गोळी झाडल्यामुळे निर्माण झालेल्या नसतात. शस्त्र चुकीच्या ठिकाणी नेल्यामुळे किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यामुळे झालेल्या असतात.

सर्वप्रथम परवाना हाती घेऊन त्यावर शस्त्राचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचा. केवळ ‘रिव्हॉल्व्हर’ लिहिले असेल तर पिस्तुलाचा विचार करण्याआधी परवाना शाखेकडून दुरुस्ती करून घ्यावी लागेल. त्याखाली क्षेत्र लिहिलेले असते. तुमचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर तो पेठच्या पुढे किंवा सापुताऱ्यात चालत नाही, कारण तेथे गुजरात सुरू होतो. कांद्याच्या व्यवहारासाठी सुरतेला जाताना शस्त्र घरी तिजोरीत ठेवूनच निघावे. शस्त्र थेट कानपूरहून आणायचे झाल्यास वाहतुकीसाठी कोणती परवानगी लागेल, हेही आधीच लेखी विचारून घ्या.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्येच बाळगायचे असते आणि ते बाहेर काढून मिरवणे किंवा हवेत झाडणे याला सक्त मनाई आहे. त्यामुळे शस्त्र झाकलेले असावे ही तुमची इच्छा नियमाला धरूनच आहे. परवान्याच्या अटींमध्ये आणखी एक महत्त्वाची अट आहे: विशेष परवानगी असल्याखेरीज जत्रा, धार्मिक मिरवणूक, इतर जाहीर जमाव किंवा शैक्षणिक संस्थेचे आवार येथे शस्त्र नेता येत नाही. मुलांना शाळेत सोडायला जाताना कमरेला शस्त्र असेल तर या अटीचा भंग होतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात हे विशेष लक्षात ठेवा. रामकुंड, तपोवन, त्र्यंबकेश्वर या परिसरात पर्वकाळात आत्मसंरक्षणाच्या नावाखाली शस्त्र घेऊन फिरणे म्हणजे परवाना गमावण्याचा सरळ मार्ग आहे. अटींचा भंग हा शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली गुन्हा आहे, आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला शस्त्रपूजन जरूर करा, पण शस्त्र रिकामे करून, घराच्या चार भिंतींत करा, आणि त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका. लग्नाच्या वरातीतील हवेतल्या गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद आहे.

तुमच्या चालकाचा मुद्दा मला सर्वांत काळजीचा वाटतो. परवाना तुमच्या नावाचा आहे. तुम्ही बँकेत जाताना शस्त्र गाडीच्या कप्प्यात ठेवले आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहिली, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा प्रश्न त्याच्या गळ्यात पडू शकतो आणि निष्काळजीपणाचा तुमच्या. शस्त्र अंगावर असेल किंवा कुलूपबंद असेल, आणि त्या कुलपाची किल्ली फक्त तुमच्याकडे असेल; तिसरी अवस्था निर्माण होऊ देऊ नका.

शेवटी वापराविषयी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावाचा हक्क दिलेला आहे. जबरी चोरीच्या प्रसंगी हा हक्क बराच विस्तृत आहे हे खरे, परंतु कलम ३७ ने त्याला मर्यादा घातली आहे: बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. लुटारू पैशांची पिशवी घेऊन पाठमोरा पळत सुटला असताना मागून गोळी झाडली, तर न्यायालयात प्रत्येक क्षणाचा हिशेब द्यावा लागेल. हे सर्व शस्त्र घेण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचून ठेवावे.

सराफबाजार_पंचवटी

मी सराफी व्यवसायातील आहे आणि वडिलांच्या पश्चात दुकान सांभाळत असताना स्वतःच्या नावावर परवाना घेतला. सुभेदार काकांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडते. पहिले शस्त्र रिव्हॉल्व्हरच असावे, हे सर्वांना सरसकट लागू करू नये.

रिव्हॉल्व्हरचा चाप, घोडा आधी मागे न ओढता थेट दाबायचा झाल्यास, चांगलाच जड असतो. माझी बोटे आखूड आहेत. दुकानात रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर प्रयत्न केला तेव्हा चाप पुरता ओढेपर्यंत नळीचे टोक दरवेळी खाली झुकत होते, आणि तर्जनीचे फक्त टोक चापावर पोहोचत होते. पिस्तुलाची स्लाईड ओढणे बायकांना जमत नाही असे मला सांगण्यात आले होते. पण पिस्तूल छातीजवळ घेऊन, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एका हाताने मूठ पुढे ढकलत दुसऱ्या हाताने स्लाईड घट्ट धरली की ती सहज मागे जाते, हे प्रशिक्षकांनी दाखवून दिले. मी पिस्तूल घेतले आणि नळीमागचे घर रिकामे ठेवूनच ते बाळगते. वेळ आली तर स्लाईड ओढण्यात एक क्षण जाईल, हे मला माहीत आहे. लहान भाचरे घरात वावरत असताना तो क्षण मला मंजूर आहे. दादा, तुम्ही दोन्ही शस्त्रे हातात घेऊन रिकामी चालवून पाहा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. स्वतःच्या हाताला जे पेलते ते दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरत नाही.

पर्सविषयी माझ्या बहिणींसाठी लिहिते. पर्समध्ये शस्त्र ठेवण्याचा मोह होतो, कारण साडीवर कमरेला होल्स्टर नीट बसत नाही. परंतु गळ्यातील साखळीप्रमाणेच पर्सही हिसकावली जाते, आणि मग चोराच्या हाती भरलेले शस्त्र जाते. दुकानात मी पर्स खाली ठेवते, कोणीतरी उचलून बाजूला सरकवते, भाची चॉकलेट शोधायला त्यात हात घालते. म्हणून शस्त्र न्यायचे त्या दिवशी मी कुर्ता आणि कमरेला पट्टा बसेल अशी पँट घालते आणि ते अंगावरच ठेवते. साडी नेसायची असेल त्या दिवशी शस्त्र तिजोरीत राहते.

तुमच्या पत्नीच्या अटीविषयी: कपाटातील कपड्यांखाली, गादीखाली किंवा देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलेली कोणतीही वस्तू मुलांना सापडतेच. भिंतीत पक्की बसवलेली छोटी पोलादी तिजोरी घ्या, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा आणि तिजोरीचा आकडा मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नका. शस्त्र घरी येण्याआधी तिजोरी बसलेली असावी. आमच्या घरी आईने ती स्वतः बंद करून ओढून पाहिली, तेव्हाच होकार दिला.

निफाडकर_द्राक्ष

मीही याच रस्त्याने ये-जा करतो. शस्त्राचे काय ते करा, पण आधी रोकड कमी करा. गाडीभाडे आणि हमाली यांचाही बराचसा भाग आता मोबाईलवरून देता येतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या बँकेतून पैसे काढणे बंद केले आणि रात्री विंचूरकडून एकट्या गाडीने येण्याऐवजी दोन-तीन व्यापाऱ्यांनी मागेपुढे गाड्या ठेवून यायचे ठरवले, तर लुटण्याची संधीच कमी होते. आम्ही द्राक्षाच्या हंगामात असेच करतो.

कांदाव्यापारी_इंदिरानगर

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने आणि मी सर्व उत्तरे एकत्र बसून वाचली. तिजोरीचे माप घेऊन झाले असून ती भिंतीत बसल्यावरच शस्त्र घ्यायचे ठरवले आहे. विलायती रिव्हॉल्व्हरचा विचार सोडून दिला आहे. परवान्यावर रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल असे दोन्ही लिहिलेले आहे, त्यामुळे ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रबल, निर्भीक आणि अशनी तिन्ही हातात घेऊन पाहीन. गाड्या एकत्र काढण्याविषयी दोन व्यापारी मित्रांशी बोलणेही झाले आहे.

वकील साहेबांना एक शंका विचारतो. लिलावाच्या वेळी बाजार समितीच्या आवारात शेकडो लोक असतात. परवान्याच्या अटीतील ‘जाहीर जमाव’ या शब्दांत ते मोडते का? आणि तसे असेल तर दिवसभर शस्त्र कोठे ठेवावे? सुभेदार साहेब, दुकानात पैसे देण्यापूर्वी शस्त्रात नेमके काय पाहावे, तेही कृपया सांगावे.

गोदाकाठचा_वकील

लिलाव हा नित्याचा व्यवहार असला तरी गर्दी ती गर्दीच, आणि उद्या काही वाद झाला तर अर्थ तुम्ही लावणार नाही, परवाना देणारे अधिकारी लावतील. म्हणून आयुक्तालयाच्या परवाना शाखेला एक पानी पत्र देऊन तुमच्या व्यवसायाचे स्वरूप कळवा, लेखी खुलासा मागवा आणि पोच घ्या. उत्तर येईपर्यंत लिलावाच्या आवारात शस्त्र नेऊ नका. समितीच्या आवाराबाहेर तुमचे स्वतःचे कार्यालय असेल तर तेथे भिंतीत बसवलेली दुसरी तिजोरी हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, पण शस्त्र तेथे नियमित ठेवणार असल्याचाही उल्लेख त्याच पत्रात करा. गाडीत कुलूपबंद पेटी बसवणे हा दुय्यम पर्याय आहे, कारण गाडीच चोरीला जाऊ शकते. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करून शस्त्राच्या क्रमांकासह पावती घ्या. ती पावती परवान्यासोबत जपून ठेवा, कारण परत घेताना तीच लागते.

देवळाली_निवृत्त_सुभेदार

ताईंचे म्हणणे रास्त आहे. हाताला पेलेल तेच घ्यावे, आणि नळीमागचे घर रिकामे ठेवून पिस्तूल बाळगण्याची शिस्त त्यांच्याइतकी पक्की असेल तर माझा पिस्तुलाला विरोध नाही.

दुकानात पाहण्यासारखे सांगतो. शस्त्र हातात देण्यापूर्वी दुकानदाराने ते तुमच्या समोर उघडून रिकामे दाखवले पाहिजे; त्याने दाखवले तरी तुम्ही स्वतः पुन्हा पाहायचे. रिव्हॉल्व्हर असेल तर रिकामे असल्याची खात्री करून, त्याच्या परवानगीने चाप अगदी सावकाश ओढा आणि घोडा पडल्यावर चाप तसाच दाबून धरा. त्या अवस्थेत सिलिंडर बोटांनी हलवून पाहिला तर तो डगडगता कामा नये. हीच तपासणी सहाही घरांवर करा, कारण एखादेच घर सैल असू शकते. नळीत मागून उजेड सोडून पाहा, आतील आटे (पिळदार खाचा) स्वच्छ आणि सलग दिसले पाहिजेत. पिस्तूल असेल तर दोन्ही मॅगझिन घालून-काढून पाहा, स्लाईड मागे ओढून सोडल्यावर ती न अडखळता पूर्ण पुढे जाते का ते पाहा, आणि सुरक्षेची कळ लावलेली असताना चाप दाबून खात्री करा. तुमचे होल्स्टर सोबत न्या आणि शस्त्र त्यात बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सर्वांत शेवटी शस्त्रावर कोरलेला क्रमांक स्वतः मोठ्याने वाचा आणि पावती, दुकानाची नोंदवही व तुमचा परवाना या तिन्ही ठिकाणी तोच क्रमांक लिहिला जात आहे हे उभे राहून पाहा. एका आकड्याची चूक राहिली तर नूतनीकरणाच्या वेळी परवाना शाखेत खेटे घालावे लागतात, आणि तोपर्यंत तुमच्या ताब्यातील शस्त्र परवान्यावर नोंदलेले शस्त्रच नाही, असे कागदोपत्री दिसत राहते. नोंद झाल्यावर ठरलेल्या मुदतीत शस्त्र तपासणीसाठी घेऊन जा. नेताना काडतुसे वेगळ्या पिशवीत ठेवा.